नाक कापलेला सम्राट आणि जत्रेचा नारळ

जत्रेचा पहिला नारळ आमच्या घरातल्या थोरल्यानं देवीपुढे फोडायचा, ही आमच्या खाडीकाठच्या गावची रीत. दादाची दोन बोटं मळणीच्या यंत्रात गेली त्या वर्षी गावकीत प्रश्न निघाला: अंगानं अधू झालेल्यानं नारळ फोडावा का? मी माणिकपूरच्या शाळेत इतिहास शिकवायचो, म्हणून मला विचारलं. मी बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या सम्राटांचं उदाहरण दिलं. तिकडे पदच्युत राजाला पुष्कळदा मारत नसत. नाक कापत, नाहीतर डोळे काढत. अंग धड नसलेला माणूस गादीवर चालत नसे. लोकांना ते पटलं. नारळ माझ्या हातात आला, आणि माझ्याच हातात राहिला.

पण नाक कापून हाकललेला एक सम्राट काही वर्षांनी परत आला होता. पाण्याच्या नळमार्गातून राजधानीत शिरला आणि पुन्हा गादीवर बसला. हे मी सांगितलं नव्हतं. तेव्हा ते मला ठाऊक होतं, की नंतर वाचलं? कधी वाटतं, मी ते वर्गात शिकवलं होतं. कधी वाटतं, अभ्यासक्रमात ते नव्हतंच. मी तेव्हा गावकीत काय काय बोललो होतो ते दादाला विचारलं, तर म्हणाला, तो त्या दिवशी हात बांधून घ्यायला डॉक्टरकडे गेला होता, त्याला काय ठाऊक.

यंदा जत्रेआधीच्या बैठकीत मी उभा राहिलो. म्हटलं, मी तेव्हा अर्धीच गोष्ट सांगितली होती. नारळावर हक्क दादाचा आहे. मग परतलेल्या सम्राटाची हकीकत सांगितली.

"मग पुढं काय केलं त्यानं, मास्तर?" एकानं विचारलं.

मी गोंधळलो. पुढे त्यानं वैऱ्यांचा भयंकर सूड घेतला आणि शेवटी त्याचंच डोकं उडवलं गेलं. हे सांगावं, तर दादाचं पुन्हा नुकसान. गाळावं, तर पुन्हा अर्धीच गोष्ट. शेवटी सांगून टाकलं.

मागून दादाचा आवाज आला, "मला कुनाचा सूड घ्यायचा नाय. नारल तेवडा द्या."

सगळे हसले आणि ठरलं.

जत्रेला दादानं तीन बोटांत नारळ घट्ट धरला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यात फुटला. मी मागे उभा होतो. इतक्या वर्षांनी तिथे रिकामं उभं राहायचं, तर हात कुठे ठेवावेत हे मला कळेना.