जाईबाईंची पावडर

नायगावातली आमची चाळ जाऊन टॉवर आला आणि जाईबाई चौदाव्या मजल्यावर गेल्या. तीस वर्षं इस्पितळात आयाबाई. भल्याभल्या डॉक्टरांना "आधी हात धुवा" म्हणणारी बाई. टॉवरची लिफ्ट बंद पडून दीड महिना झाला होता. त्यांचे यजमान रामजीकाका, गुडघे गेलेले, तेव्हापासून खाली उतरलेच नव्हते. रविवारी बिल्डरच्या मॅनेजरबरोबर मीटिंग ठरली. बोलणार जाईबाईच, दुसऱ्या कुणाची टाप नाही.

आणि शनिवारी त्या म्हणतात, "नम्रते, मी नाय येत."

कारण काढायला अर्धा तास गेला. पाठीवर नागीण उठून गेलेली. फोड सुकले, आग राहिली. नेमकी ब्राचा पट्टा बसतो तिथे. पट्टा लागला की डोळ्यांत पाणी. आणि ब्राशिवाय चारचौघांत उभं राहायचं? "साठ वर्षं इज्जतीत काढली गो."

माझं डोकं फिरलं. इज्जत काय पट्ट्याला टांगलेली असते? पण ज्याचं दुखतंय त्याला भाषण काय कामाचं? तडक दादर गाठलं. दुकानदार विचारतो, "पार्टीसाठी का, मॅडम?" म्हटलं, "हो, बिल्डरची." सिलिकॉनच्या, आतून चिकट अशा दोन वाट्या आणल्या. पट्टा नाही, हूक नाही. पुढे चिकटवायच्या, त्यावर ब्लाउज, त्यावर पदर. कुणाच्या बापाला कळत नाही.

जाईबाईंनी बोटाने दाबून पाहिल्या. "ह्या इडल्या टिकतील?"

आत जाऊन लावून आल्या. पाठ मोकळी, चेहरा खुललेला. पॅसेजमध्ये दहा पावलं चालल्या आणि थांबल्या.

"एक कमरेला आली गो."

मी दुकानदाराला सोलायला निघालेच होते, तेवढ्यात वाटीची चिकट बाजू दिसली. पांढरीफटक.

"मावशी, पावडर लावली होती?"

"मग काय, तशीच जाऊ?"

म्हणजे बघा, ब्राशिवाय जायला बाई आता तयार, पण पावडरशिवाय नाही! आंघोळ झाली की गळ्यापासून बेंबीपर्यंत पावडर, चाळीस वर्षांचा नेम. मी ओरडले, "तेल नको, पावडर नको, अंग कोरडं हवं!" त्या माझ्यावर ओरडल्या, "घामाचा वास आला तर तू उभी राहशील बाजूला?"

रामजीकाका पेपरमागून म्हणाले, "तोंडाला लाव, मानेला लाव, मधलं सोड. पावडरपायी माझी लिफ्ट घालवता काय?"

तह झाला. वाट्या साबणाने धुतल्या, चिकट बाजू वर करून खिडकीत ताटलीत वाळत ठेवल्या. कावळ्यांवर पहारा काकांचा.

रविवारी मॅनेजर म्हणाला, "आजी, प्रोसेस चालू आहे, धीर धरा."

जाईबाईंनी दोन्ही हात वर केले. माझा जीव त्या वाट्यांत. हलल्या नाहीत!

"आजी म्हणतोस ना? मग आजोबांना भेटायला चल. चौदावा मजला. जिन्याने."

आणि निघाल्यासुद्धा. मागून सगळी बिल्डिंग, मध्ये मॅनेजर. सहाव्या मजल्यावर त्याने कॉलरचं बटण सोडलं. नवव्यावर भिंतीला टेकून लिफ्टवाल्याला फोन लावला. वरून जाईबाईंचा आवाज, "बसलास काय रे? चहा ठेवलाय!"

मंगळवारी लिफ्ट सुरू झाली. रामजीकाका खाली आले, गेटापाशी खुर्ची टाकून बसले. मानेवर पावडरीचा हा जाड थर. मी बघतच राहिले, तर म्हणाले, "काय करू? तिच्या वाटणीची उरते ना हल्ली."