दादांमुळे अडलंय

मित्रांनो, दुपारपासून जिवाला स्वस्थता नाही.

आमची ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणारा तयार कोड, पायथन आणि जावा या दोन्ही प्रोग्रॅमिंग भाषांतून वापरता येते. दोन्हींची नवी आवृत्ती एकाच दिवशी काढायची, हा नियम माझाच. फायली बिघडवणारा बग मी पायथनमध्ये आठ दिवसांपूर्वीच काढला. जावा सांभाळणारे निलेशदादा मात्र गावी, दवनीवाड्याला, धानाच्या रोवणीत म्हणजे भातलावणीत गुंतलेले, मेसेजला उत्तर नाही; म्हणून पायथनचीही आवृत्ती अडकलेली.

आज सरळ त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन उभी राहिले. रोवता रोवता दादा म्हणाले, "माझी वाट काऊन पाहून राहिली? तुले जावा येते ना? कोड उघडाच आहे."

घरी येऊन तासाभरात जावातलाही बग काढून झाला.

आठ दिवस लोकांच्या फायली बिघडत होत्या आणि मी सगळ्यांना सांगत होते, दादांमुळे अडलंय. कुणामुळे अडलं होतं, तुम्हीच सांगा.