रिकामी खोकी आणि काकांची साक्ष

लग्नाआधी मी चांदे गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. मूळची लातूरकडची, नोकरी हिंजवडीतल्या एका ऑफिसात, अकाउंट्समध्ये. घरमालक शेतकरी. थोडी जमीन विकून त्यांनी घरामागे ओळीने खोल्या बांधल्या होत्या आणि शेजारी एक मोठं पत्र्याचं शेड. आम्ही सगळे भाडेकरू त्यांना काका म्हणायचो, त्यांच्या बायकोला काकू.

रविवारी त्या शेडमध्ये सतरंज्या पडायच्या. कुणी जळगावचं, कुणी नांदेडचं. प्रत्येकाच्या घरून आलेली चटणी मधोमध ठेवलेली. मला सवय ज्वारीच्या भाकरीची, पण काकूंची तांदळाची भाकरी गरम असतानाच संपवायची असते हे मी तिथेच शिकले. तसे रविवार नंतर माझ्या वाट्याला आले नाहीत.

मग विजेची उपकरणं विकणाऱ्या एका कंपनीने ते शेड भाड्याने घेतलं. छतापर्यंत खोकी रचली गेली आणि आमच्या सतरंज्या अंगणात आल्या. एकदा पत्रा गळायला लागला म्हणून काकू खोकी सरकवायला आत गेल्या आणि दोन्ही काखांत एकेक खोकं घेऊन बाहेर आल्या.

"ह्यात काय कापूस भरलाय का?" त्यांनी विचारलं. काकांनी खोकं हातात घेऊन पाहिलं आणि परत जागेवर ठेवलं.

मार्च संपताना त्या कंपनीचा मॅनेजर ऑडिटरला घेऊन आला. मला सुट्टी होती, मी दारात केस विंचरत होते. ऑडिटरने काकांना विचारलं, माल पडून असतो की हलतो?

"लई माल हाय, साहेब," काका म्हणाले. "रोज गाड्या भरत्यात."

एकही गाडी कधी भरली गेली नव्हती. संध्याकाळी मी काकांना म्हटलं, "काका, कंपनी तो माल हिशेबात दाखवत असणार. त्यावर विश्वास ठेवून लोक शेअर घेतात."

"भाडं येळंवर देत्यात, पोरी. त्यांच्या खोक्यांत आपन कशाला बघायचं?" असं म्हणून त्यांनी मला परसातली तोंडली दिली आणि विषय संपवला.

लग्न होऊन मी भूगावला फ्लॅटमध्ये आले. पुढे ती कंपनी बुडाली, शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची चौकशी लागली आणि एके दिवशी काका आमच्या दारात उभे. कंपनीच्या मॅनेजरबरोबर, हिशेबावर सही करणाऱ्या ऑडिटरबरोबर त्यांनाही नोटीस आली होती. खोटे हिशेब दाखवायला मदत केल्याचा ठपका होता.

"हिशेब त्यांनी केला," काका म्हणाले. "मी फकस्त दार उघडलं."

"आणि रोज गाड्या भरतात असं सांगितलंत."

त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. "तू ऐकलं व्हतंस व्हय," म्हणाले.

वकिलाने त्यांना सल्ला दिला होता की खोक्यांत काय आहे ते ठाऊकच नव्हतं, एवढंच बोला. काकूंनी तो मोडून काढला. "खोकी मी उचलल्यात. उद्या मला इचारलं तर मी खोटं बोलनार न्हाई. मग तुमी काय करनार?"

सुनावणी मुंबईला होती. काकांना एकटं जायचं नव्हतं, म्हणून मी रजा टाकून बरोबर गेले. त्यांनी पांढरी टोपी घातली होती, ती आत जाताना काढावी की नाही हे त्यांनी मला दोनदा विचारलं.

"खोकी रिकामी आहेत हे तुम्हाला माहीत होतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

वकील पुढे सरकला, पण काका आधी बोलले. "व्हय साहेब. भाडं जाईल म्हनून गप बसलो. गाड्यांचं त्यांनी सांगाय सांगितलं, मी सांगितलं."

निकालात तिघांनाही दंड झाला. काकांनी आपणहून कबूल केलं म्हणून त्यांचा कमी, तरी रस्त्याकडचा शेवटचा तुकडा विकावा लागला. गावात काहींनी त्यांना वेड्यात काढलं, सरळ न्हाई म्हणायचं सोडून हे काय केलं म्हणून. कितीतरी दिवस ते पारावर गेले नाहीत. मला त्यांचं वाईट वाटायचं, आणि दंड चुकीचा होता असंही म्हणवत नव्हतं.

आमच्या मजल्यावर आता शेजारच्यांची नावंही कुणाला ठाऊक नसतात. कधी मन लागेनासं झालं की मी काकूंना फोन करते. जेवलीस का, हे विचारून झालं की त्या फोन काकांकडे देतात. परवा ते कासारसाईला मेहुण्याकडे जाऊन आले होते. तिथलं धरण चांगलं भरलंय म्हणाले, नवऱ्याला घेऊन बघून ये.