मंडळाच्या बाईंचं श्रमदान

आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि हे ज्यांच्यामुळे घडलं त्या म्हणजे आमच्या कॉलेजच्या विद्यार्थिनी मंडळाच्या बाई. नव्वदच्या दशकातल्या कोल्हापुरात त्यांनी प्रश्न विचारला नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. रिक्षावाला, पोस्टमन, दुधाच्या म्हशी घेऊन दारात येणारा गवळी, सगळ्यांना त्या थांबवत. ‘थांबा हं, मला हे नीट कळलं नाही,’ हे त्यांचं वाक्य कानावर पडलं की आम्ही मुली गुपचूप खाली बसून घ्यायचो. पुढचा अर्धा तास तिथून हलणं नाही, हे ठरलेलं असायचं.

विद्यार्थिनी मंडळाचं काम तसं सगळ्या कॉलेजांत असतं तसंच होतं. हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा, रक्तगट तपासणी, दवाखान्यात फळवाटप. पण बाई बरोबर असल्या की कुठलाही कार्यक्रम छापलेल्या पत्रिकेप्रमाणे पार पडत नसे. फळवाटपाला गेलो तेव्हा पाय मोडलेल्या एका काकांपुढे बाईंनी सोललेलं केळं धरलं आणि विचारलं, ‘कसे हो पडलात?’ काका म्हणाले, उसाच्या ट्रॉलीवरून. झालं! ट्रॉलीत ऊस कसा रचतात, वर कोण चढतं, दोर कोण आवळतं... केळं बाईंच्या हातात तसंच. शेवटी काकाच म्हणाले, ‘बाई, आदी केळं द्या की. खात खात सांगतो.’ राखीपौर्णिमेला एसटी स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरांना राख्या बांधायचा आमचा रिवाज होता. एका ड्रायव्हरच्या मनगटावर गाठ मारता मारता घाटात गिअर कधी बदलतात हे बाई विचारू लागल्या. तोही रंगात आला. गाडीच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली, ‘ओ बाई, भाऊ तुमचा असंल, पर गाडी आमची हाय! मलकापूरला जायचंय आमाला!’ बाईंनी तिची हात जोडून माफी मागितली आणि लगेच विचारलं, ‘मलकापूरला काय काम काढलंत?’

मी कबनूरहून रोज एसटीनं येत असे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचे चार यंत्रमाग होते. माझे वडील, आबा, माग चालवायचे आणि आई कांड्या भरायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची लहान गुंडाळी. ती सारखी संपते आणि सारखी भरून द्यावी लागते. मी शेवटच्या वर्षाला होते. त्या दिवाळीनंतर आई घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. माग थांबवून चालणार नव्हतं. मी कांड्यांना बसले. आठ दिवस म्हणता म्हणता वीस दिवस झाले. हजेरी कमी पडली की परीक्षेचा फॉर्म भरू देत नसत. आबा म्हणाले, ‘औंदा ऱ्हाऊ दे कालेज. फुडं बघू.’ आमच्या गल्लीत असं ‘फुडं बघू’ म्हटलेल्या कुठल्याही मुलीचं पुढं कुणी बघितलं नव्हतं.

आणि एका दुपारी शेडच्या दारात बाई उभ्या! मागे मंडळाच्या चार मुली. केसांत कापसाची भुशी घेऊन मी कांडीच्या मशीनमागे लपले. मुलींनी नंतर सांगितलं की, एसटीत बाईंनी स्त्रीशिक्षणावरचं भाषण दोनदा म्हणून बघितलं होतं. आबाही हाताची घडी घालून तयारीतच उभे होते. बाईंनी घसा साफ केला, पदर सावरला आणि त्यांची नजर धोट्यावर गेली.

‘थांबा हं. हा इकडून तिकडं गेला, तो परत कसा येतो?’

आबांनी घडी सोडली. माग म्हणजे काय, हे आजवर त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मागाच्या खडखडाटात ते ओरडून सांगू लागले आणि बाई ओरडून विचारू लागल्या. आईनं गळ्यात अडकवलेल्या हातानिशी दोनदा चहा पाठवला. एक मुलगी बाईंना हळूच म्हणाली, ‘बाई, शिक्षणाचं राहिलं.’ शेवटी आबांनीच विचारलं, ‘तुमी पोरीचं बोलाय आल्ता न्हवं?’

‘हो, हो. तिला परीक्षेला बसवा.’

‘बसवतो की! पर कांड्या कोन भरनार? तुमी?’

आबांनी टोमणा मारला होता. बाईंनी तो खराच प्रश्न समजून सरळ उत्तर दिलं, ‘हो. आम्ही भरू.’

मंडळाचं श्रमदान दर वर्षी कॉलेजचं मैदान झाडण्यात जात असे. त्या वर्षी ते आमच्या शेडमध्ये झालं. दर रविवारी पाच-सहा मुली आणि बाई येऊन कांड्यांच्या पाट्या भरून ठेवायच्या. उरलेलं मी पहाटे आणि संध्याकाळी उरकायची. तिसऱ्या रविवारी बाई आईला सुताच्या प्रकारांविषयी विचारण्यात इतक्या गुंगल्या की, बारीक सुताच्या पाटीत जाड सुताच्या कांड्या भरत राहिल्या. सोमवारी मागावरून आडवे पट्टे पडलेलं कापड उतरू लागलं. आबांनी माग बंद केला. ते कापड घडी करून त्यांनी बाजूला ठेवलं, तेव्हा माझं कॉलेज संपलं असंच मी समजले. रविवारी बाई आल्या. आबांनी कापड त्यांच्यापुढं धरलं. बाईंचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना प्रश्न सुचला नसावा.

‘बाई,’ आबा म्हणाले, ‘इचारा, कायबी इचारा. पर इचारताना हात थांबवत जावा.’

आणि त्यांनी बाईंना बसायला पोतं अंथरलं.

मी फॉर्म भरला, परीक्षा दिली. निकाल लागला तेव्हा बाई निवृत्त होऊन सीमेकडच्या आपल्या गावी गेल्या होत्या. कॉलेजमधून मिळालेला पत्ता अर्धवटच होता. त्याच पत्त्यावर मी पत्र टाकलं. ते पोचलं की नाही, मला अजून ठाऊक नाही. त्यातला मजकूर मात्र जसाच्या तसा आठवतो.

‘आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

मी बी.ए. झाले. आईचा हात आता बरा आहे. आबांनी गुणपत्रिका हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि विचारलं, ह्या समाजशास्त्रात काय असतंय? मी सांगू लागले. त्यांनी आधी एक माग बंद केला, मग उरलेले तीन. मी सांगितलं की, माणसं कशी राहतात, काय काम करतात, हे विद्वान लोक जाऊन पाहतात, विचारतात आणि लिहून ठेवतात. आबा म्हणाले, मग इतक्या वर्सांत त्यातलं एक तरी आमच्या मागावर का आलं न्हाय?

मी म्हटलं, एक आल्या होत्या की.

आबांनी गुणपत्रिका माझ्या हातात परत दिली. मग म्हणाले, त्यास्नी लिव्ह. पुन्यांदा या म्हनावं. इचारायचं ऱ्हायलं असंल कायतरी.’