टक्करीचं वजन

वहिनीची नोकरी ऐकली की लोकांना हसू येई. व्हिडिओ गेममधल्या गाड्यांना ती वजन देत असे. वळणावर गाडी किती झुकावी, तोफ उडाली की किती मागे सरावी, दोन चिलखती गाड्या भिडल्या की खेळणाऱ्याच्या हातातलं स्टीअरिंग किती थरथरावं, याचे आकडे बसवायचे. तिला 'वहिनी' म्हणायला सुरुवात केली ती धाकट्या दिरानं. विसरलेला डबा द्यायला तो ऑफिसात यायचा आणि दारातूनच हाक मारायचा, मग सगळेच तसं म्हणू लागले.

हा दीर गेल्या वर्षी अपघातात गेला. गाडी तिचा नवरा चालवत होता. काय झालं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कसं झालं ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तोंडाला जणू कुलूप. गाडी इमारतीखाली कापडानं झाकून उभी, आणि हा कामाला पायी. वहिनीचं देवाजवळ एकच मागणं होतं, याला बोलतं कर.

त्यात नव्या खेळातली टक्कर काही जमेना. साहेब म्हणाले, "वहिनी, ही लढाई आहे की उशीवर उशी आपटतेय?" तिनं खेळाचं स्टीअरिंग घरी आणलं, टेबलाला आवळलं आणि रविवारची दुपार गाड्या आदळवण्यात घालवली. नवरा पलीकडच्या खोलीत ऐकत होता. शेवटी दारात येऊन उभा राहिला.

"आधी आवाज नाही येत," तो म्हणाला. "आधी स्टीअरिंग हलकं होतं. रिकामं. आपण फिरवत राहतो, गाडी ऐकत नाही."

एवढ्या दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द फुटला होता! उठून त्याचा हात धरायचा, तर मेल्या सवयीनं घात केला. वहिनीची बोटं आकड्यांवर गेली. "किती हलकं? एवढं? की आणखी?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "एवढंच," म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

सोमवारी ऑफिसात त्या खेळावर उड्या पडल्या. "वहिनी, आलं बघा वजन!" "मेलास रे मेलास!" करत सगळे पुन्हापुन्हा आदळत होते, खिदळत होते. दर वेळी आदळण्याआधी स्टीअरिंग सैल पडे आणि वहिनीला त्यावर नवऱ्याचे हात दिसत. जेवणाच्या सुट्टीआधीच तिनं ते सैल पडणं खेळातून काढून टाकलं. साहेब भडकले. "दुसरं बसवते," एवढंच ती बोलली.

घरी नवरा भाजी चिरत होता.

"काढून टाकलं मी ते."

सुरी थांबली. "का? चुकीचं होतं?"

"नाही हो. फार बरोबर होतं."

त्यानं सुरी खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "त्यानं हाक मारली होती. 'दादा, समोर बघ.' मी त्याच्याशीच वाद घालत होतो गं..."

वहिनी समोर बसली. दोन्ही हात तिनं मांडीवर घट्ट धरून ठेवले; या वेळी बोटं कुठे जायला नकोत.