दोघांच्या उत्तरांतलं अंतर

आरे कॉलनीतून येताना एका म्हशीला चुकवायला गेलो, स्कूटर घसरली आणि माझं डोकं दगडावर आपटलं. ऐंशीच्या दशकात हेल्मेट कोण घालत होतं! शुद्धीवर यायला बरेच दिवस गेले. पण बोरीवलीच्या घरी परतलो तेव्हा हातपाय शाबूत होते, बोलता येत होतं. मी पूर्ण बरा झालोय, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मी वायरमन. कधी एकदा कामाला लागतो असं झालं होतं. बायको "इतक्यात नको" म्हणायची आणि मी समोरचं ताट भिरकावून द्यायचो.

शेवटी ती मला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवून दोघांनाही माझ्याबद्दल तेच प्रश्न विचारले. सांगितलेलं लक्षात राहतं का? राग आवरतो का? घेतलेलं काम पुरं होतं का? मी सगळ्याला "एकदम!" म्हणालो. बायकोने सगळ्याला नाही म्हटलं होतं, हे बाईंनीच मला सांगितलं.

"खोटं बोलतेय ती," मी ओरडलो.

"खरं-खोटं मी बघतच नाहीये," बाई शांतपणे म्हणाल्या. "दोघांच्या उत्तरांत अंतर किती, ते बघतेय. तुमचं काय बिघडलंय हे तुम्हाला अजून कळत नाहीये. डोक्याला मार लागल्यावर असं होतं."

त्यांनी घरी करायला एक गोष्ट दिली. कुठलंही काम करण्याआधी ते कसं होईल हे सांगायचं, मग करून बघायचं.

"कांदेपोहे? डोळे मिटून करीन," मी म्हणालो. फोडणी जळली. पोहे भिजवायचेच राहिले. तरी मी विचारलं, "झकास झालेत ना?"

बायकोने बशी माझ्यापुढे सरकवली. "तुम्हीच खाऊन बघा."

घास गिळवेना. तेव्हा पहिल्यांदा मी घाबरलो. बशी बाजूला सारून म्हणालो, "उद्या परत करतो."

करतच राहिलो. पोहे, बाजारहाट, घरातल्या इस्त्रीची दुरुस्ती. आधी बोलायचं, मग करायचं, मग तिला विचारायचं. चिडायचो, पण सोडलं नाही.

काही महिन्यांनी बाईंनी पुन्हा वेगवेगळं बसवलं. "वायरिंग जमेल?"

मी विचार करून म्हणालो, "जोडण्या जमतील. पण मेन स्विच बंद केला की नाही, ते विसरेन."

बायकोनेही तेच सांगितलं होतं. बाहेर आल्यावर हे कळलं आणि ती रडायलाच लागली.

त्याच आठवड्यात मी माझ्या कामावरच्या जुन्या जोडीदाराला गाठलं. "कामावर येतोय. पण मेन तू बघायचा. मी बघितला म्हणालो तरी."

"चल ना यार," तो म्हणाला.