मामा सरपंचासाठी प्रार्थना करायचे

ताटं वाढून झाली की आमचे मामा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि पंतप्रधानांपासून सुरुवात करायचे. तिथून मुख्यमंत्री, मग कलेक्टर, तहसीलदार, ठाण्याचे फौजदार, तलाठी, गावचा सरपंच, असं उतरत उतरत ते विजेच्या लाइनमनपर्यंत यायचे. प्रत्येकाचं नाव घेऊन. कुणासाठी सद्बुद्धी मागायची, कुणासाठी तब्येत, कुणाच्या मुलीसाठी चांगलं स्थळ. तोवर भाकरी गार होऊन कडक व्हायची. लग्न होऊन आले तेव्हा मी एक डोळा उघडा ठेवून नुसती त्यांच्याकडं बघत राहायचे. शेवटी एकदा न राहवून विचारलं, "मामा, लाइनमनसाठी पण?"

"त्याच्या हातात आपला उजेड हाय, सुजाता," ते म्हणाले. "कलेक्टरपेक्षा त्येच्यासाठीच जास्त मागाय पायजे."

मामा म्हणजे माझे सासरे. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणायचे, कारण त्यांचा बँड होता आणि पुढं उभं राहून ट्रंपेट ते स्वतः वाजवायचे. लग्नसराईत उमरग्यापासून पार कर्नाटकाच्या हद्दीतल्या गावांपर्यंत त्यांना सुपारी असायची. मराठी गाणं संपवून त्याच दमात ते कानडी गाणं उचलायचे, तेव्हा वरातीतल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर खोचायच्या. गावाचं नाव मी लिहीत नाही. मुरूमपासून फार लांब नाही, आणि आमचं घर अजून तिथंच आहे.

मी बेंबळीची, बौद्ध घरातली. आमच्याकडं साहेब लोकांसाठी कुणी प्रार्थना करत नव्हतं. अर्ज करत, नाहीतर मोर्चा काढत. माझं आणि मामांच्या मुलाचं, दानिएलचं जमलं तेव्हा दोन्ही घरी थोडी कुरकुर झाली, मग मिटली. पहिल्यांदा जेवायला आलेल्या माझ्या वडिलांनी ती लांबलचक प्रार्थना निमूट ऐकून घेतली आणि म्हणाले, "पाव्हणं, सरकारला प्रार्थना समजत न्हाय. अर्ज समजतो."

मामा हसले. "मग अर्ज तुमी करा, प्रार्थना म्या करतो. दोन्ही अंगानं लावून धरू."

ठाण्याला नवा फौजदार आला की मामा चार दिवसांच्या आत तिथं जाऊन यायचे. काम काही नसायचं. नमस्कार करायचा, पूर्ण नाव विचारायचं, मुलंबाळं किती ते विचारायचं आणि परत यायचं. नाव कशाला लागतं, असं दानिएल चिडवायचा. "फौजदार काय एक हाय का? देवाला कळाय नको, कुणाबद्दल बोलतोय म्हणून?" बायबलच्या वचनात सांगितलंय, वरच्या लोकांसाठी मागत जा, म्हणजे खालच्यांना निवांत जगता येतं, असा त्यांनी त्यांच्यापुरता अर्थ लावला होता. त्या अर्थावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं. बांधावरून भांडण नाही, पाण्यावरून नाही, कुणी सुपारीचे पैसे बुडवले तरी नाही.

पंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनल त्यांच्याच बँडला बोलवायचे. रणजित सरपंच झाला त्या मिरवणुकीतही मामांनीच वाजवलं. रणजितच्या आई-बापाच्या लग्नातही त्यांनीच वाजवलं होतं. रणजित थोडक्या मतांनी निवडून आला होता. मागं फिरणारी पोरं टिकवायची तर त्याला रोज काहीतरी नवं प्रकरण लागायचं. एकदा अतिक्रमण, एकदा दारूचं दुकान. मग त्याला आमची ओसरी सापडली.

आमच्या गावात चर्च नाही. मोजकी घरं रविवारी सकाळी मामांच्या ओसरीवर जमायची, गाणी म्हणायची, चहा पिऊन जायची. मामांच्या लग्नाच्या आधीपासून हे चाललं होतं. त्या रविवारी दानिएल बँड घेऊन लातूरकडं गेला होता. गाणं अर्ध्यात असताना मोटारसायकली दारात येऊन थांबल्या. "इथं लोकं बाटवायचं काम चालतं," एकजण ओरडला. बाजाची पेटी उचलून त्यानं अंगणात आपटली. बायका मुलांना घेऊन मागच्या दारानं पळाल्या. मामा उभे राहून म्हणाले, "रणजित, बाळा, चहा घेतोस का?" ते मनापासून विचारत होते. रणजितला ते टोमण्यासारखं लागलं असावं.

रणजितनं तक्रार केली आणि पोलिसांनी मामांना ठाण्यात नेलं. मी मागोमाग गेले. व्हरांड्यात फौजदार खुर्ची टाकून बसले होते, समोर रणजित आणि त्याची पोरं. पोलिसांसकट सगळ्यांच्या हातात चहा होता. मामांना मधे उभं केलेलं.

"काय रे म्हाताऱ्या," फौजदार म्हणाले, "माझ्यासाठी रोज प्रार्थना करतोस म्हणं?"

"व्हय साहेब."

"मग कर की. आम्हाला बी ऐकू दे."

पोरं हसली. मी मनात म्हटलं, मामा, नको. पण मामांनी टोपी काढली आणि डोळे मिटले. साहेबांच्या पत्नीचं गुडघ्याचं दुखणं कमी होऊ दे, धाकट्या मुलाला अभ्यासात यश दे, त्यांची बदली घराजवळ होऊ दे. हे सगळं फौजदारांनीच त्यांना मागं कधीतरी सांगितलं होतं. हसणं हळूहळू थांबलं. फौजदारांनी कप खाली ठेवला. मग मामा म्हणाले, "आणि बापा, रणजितला..."

एवढंच. रणजितच्या हातात हेल्मेट होतं. त्यानं ते मामांच्या तोंडावर मारलं. मामांचे डोळे मिटलेले होते, त्यामुळं त्यांना ते येताना दिसलंच नाही. ना हात आडवा केला, ना मान फिरवली. माणूस सहसा शेवटच्या क्षणी थोडा तरी चुकवतो. मामांनी सगळाच्या सगळा मार घेतला. पुढचे दात तुटले, वरचा ओठ फाटून लोंबायला लागला.

मी किंचाळले. फौजदार उठले, रणजितला हातानं मागं सारलं आणि मामांना म्हणाले, "पायरीवरनं पडलास. काय?"

मामांनी तोंडाला उपरणं दाबलं होतं. त्यातून ते बोलले. "पडलो न्हाय, साहेब. मारलं. पन माजी तक्रार न्हाय."

"तक्रार न्हाय म्हणजे पडलास," फौजदार म्हणाले, आणि सगळ्यांना घरी जायला सांगितलं.

उमरग्याला ओठाला टाके घातले. दानिएल परत आला तो चप्पल न काढता वकिलाकडं जायला निघाला. मामा आडवे आले. "ज्येच्यासाठी सकाळ-संध्याकाळ मागतो, त्येच्यावर केस कशी घालू?"

"पप्पा, त्यानं तुमचं तोंड फोडलं!"

"तोंड माजं हाय."

"आणि बँड? तो तरी आपला सगळ्यांचा हाय का न्हाय?"

मी साक्षीदार होते, मी सांगायला तयार होते. मामांनी माझ्यापुढं हात जोडले. सासऱ्यानं सुनेपुढं हात जोडल्यावर ती काय करणार? जखम सुकल्यावर त्यांनी ट्रंपेट ओठाला लावलं. नुसती हवा आली, मग लाळ, मग रक्ताची बारीक रेघ. कवळी करून आणली, ती ट्रंपेटच्या दाबानं आत घसरायची. परसात लिंबाखाली बसून ते कितीतरी दिवस प्रयत्न करत होते. मी भांडी घासत ते ऐकायचे. गाढव खोकल्यासारखा आवाज यायचा. मग एक दिवस तोही बंद झाला.

त्या संध्याकाळी जेवताना मामा नेहमीसारखे उतरत उतरत सरपंचापर्यंत आले आणि त्यांनी रणजितचं नाव घेतलं. दानिएल भरल्या ताटावरून उठला. आठवड्याभरात तो पुण्याला एका कंपनीत लागला. माझी अंगणवाडी गावात, त्यामुळं मी मागं राहिले. तो मला फोन करायचा, मामांना नाही.

रणजित दुसऱ्यांदा निवडून आला तेव्हा बँडला सुपारी आली. ट्रंपेटला आता दुसरा माणूस होता. पण निरोप असा होता की मास्तर पुढं पाहिजेत. मी म्हटलं, जाऊ नका. मामा इस्त्रीचा लाल कोट घालून गेले. चौकात पोरांनी बँड थांबवला आणि ट्रंपेट मामांच्या हातात दिलं. "मास्तर, तुमीच वाजवा." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. ओठाला लावलं, गाल फुगवले. तो आवाज आला. लोक पोट धरून हसले. मी हे बघायला तिथं नव्हते. मी ते मोबाईलवर बघितलं, आमच्या अंगणवाडी सेविकांच्या ग्रुपवर. खाली सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले होते. माझ्या मदतनीस बाईनंही.

मामा घरी आले, कोट खुंटीला लावला, जेवायला बसले आणि पुन्हा त्याच्यापर्यंत उतरले. माझा संयम संपला. "मामा, काय मागता तुम्ही त्याच्यासाठी? त्याला अजून काय द्यायचं राहिलंय?"

"त्येची भीती जाऊ दे म्हणून मागतो," ते म्हणाले. "लई भितो ते पोरगं. खुर्ची जाईल म्हणून भितो, पोरं सोडून जातील म्हणून भितो. भ्यालेला माणूस लई जोरात मारतो, सुजाता. म्या अनुभव घेतलाय."

मला पटलं नाही. अजूनही पटत नाही. मला वाटतं, भीती रणजितच्या बाजूला नव्हतीच. ती सगळी आमच्या घरात होती.

पुढं मामांचं डोकं विसरायला लागलं. आधी गाणी गेली, मग वरची माणसं एकेक करून गेली. पंतप्रधान, कलेक्टर, फौजदार. मग वारलेल्या सासूबाईंचं नाव गेलं, मग माझं. मला ते "बाई" म्हणायला लागले. एकच नाव शिल्लक राहिलं. दिवसभर ओसरीवर बसून ते पुटपुटायचे, "बापा, रणजितला सांभाळ." रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला ते ऐकू जायचं.

मी दानिएलला बोलावून घेतलं. तो आला, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. "पप्पा, म्या आलोय."

मामांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. त्यांचा चेहरा उजळला. शिवलेला ओठ वर ओढून ते हसले. "रणजित," ते म्हणाले. "आलास व्हय, बाळा?"

दानिएल झटक्यात मागं सरला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मामांचा हात हवेत तसाच पुढं होता. दानिएलनं दात आवळले आणि डोकं खाली केलं. मामांनी त्याच्या केसांवर हात ठेवून त्याला आशीर्वाद दिला, तब्येतीचा, लेकराबाळांचा, लांब आयुष्याचा, आणि प्रत्येक वाक्यात रणजितचं नाव घेतलं. दानिएलनं शेवटी आमेन म्हटलं. मग परसात जाऊन त्यानं बादलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

त्या पावसाळ्यात मामा गेले. ओढ्याकाठी आमच्या माणसांच्या जागेत खड्डा खणला होता. बाहेरगावच्या चर्चमधून आलेल्या पाळकांची प्रार्थना म्हणून झाली, माती द्यायची तेवढी राहिली होती, तेवढ्यात रणजितची गाडी आली. पांढरे कपडे, हातात मोठा हार. त्यानं शवपेटीवर हार ठेवला, हात जोडले आणि दोन शब्द बोलायला उभा राहिला. पोरं मोबाईल धरून शूटिंग करत होती.

"मास्तरांचं आणि माझं नातं वेगळंच होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर जड झाला होता. "सख्ख्या पोराचं नाव विसरले, पण शेवटच्या श्वासापर्यंत माझंच नाव घेत होते. सगळ्या गावानं ऐकलंय."

दानिएल फावडं धरून उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. गावानं खरंच ऐकलं होतं.